तीन-दोन पिवळी, सहा-तीन नारिंगी

अण्णा माझ्या प्लॉटवर पहिल्यांदा आले तो जानेवारीचा महिना होता. मी पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला होते. सकाळचं दव अजून पानांवर होतं आणि फळं नुकतीच रंगावर आली होती. माझं सगळं शिक्षण नारायणगावच्या मार्केटात गेलेल्या टोमॅटोच्या कॅरेटवर झालेलं, त्यामुळे आपला प्लॉट अण्णांना दाखवायचा म्हटल्यावर परीक्षेच्या दिवशी असते तशी पोटात कालवाकालव होती.

अण्णा फळाकडे आधी बघतच नाहीत. ते वाकून खालचं पान उलटं करतात, पांढरी माशी आहे का पाहतात. मग बुडाशी माती बोटानं उकरून ओल बघतात. मग शेंड्याकडे नजर. फळ सगळ्यात शेवटी. तसं करत करत ते पाच-सहा ओळी चालून गेले आणि एका ओळीपाशी थांबले.

"ही अख्खी ओळ पिवळी कशी गं?"

मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचार केला. "बी भेसळ निघालं म्हणावं, तर एखाददुसरं झाड येगळं दिसतं. हितं सगळीच सारखी. उंची तीच, पान तेच, फळाचा आकार तोच. निस्ता रंग पिवळा." थोडं थांबून म्हणाले, "ही भेसळ न्हाई. हे कुणीतरी मुद्दाम केलंय."

मला त्या दिवशी जे समजावून सांगायचं होतं, ते त्यांनी न सांगता ओळखलं होतं. ती तीन-दोन नंबरची ओळ. तीन म्हणजे तिसरं गुणसूत्र, दोन म्हणजे त्या गुणसूत्रावरचा दुसरा तुकडा. बाकी सगळं झाड एम-८२ नावाच्या साध्या लाल टोमॅटोचं. फक्त तिसऱ्या गुणसूत्राचा तेवढा तुकडा एका रानटी झाडाचा. अजून थोडं पुढं गेल्यावर सहा-तीन लागली, ती भगव्या फेट्यासारखी नारिंगी. तिथेही तेच: झाड एम-८२चं, तुकडा सहाव्या गुणसूत्राचा.

"आणि ते रानटी झाड कुठंय?" अण्णांनी विचारलं.

प्लॉटच्या टोकाला, तारेच्या कुंपणालगत, मी त्याची दोन झाडं वेगळी लावली होती. सोलॅनम पेनेली. आमच्याकडे सगळे नुसतं 'पेनेली' म्हणतात. गोलसर, जाडसर, बुटकी पानं. हात लावला की बोटं चिकटतात. पानांवरच्या केसांतून एक साखरेसारखा चिकट द्रव येतो, त्यात बारीक किडी अडकून मरतात. कुंपणाजवळच्या त्या पानांवर दहा-बारा मावा चिकटून वाळलेला होता. फळ गोटीएवढं, हिरवं, अंगावर लव. पिकलं तरी हिरवंच राहतं. अण्णांनी एक तोडून दाताखाली धरलं आणि लगेच थुंकून टाकलं.

"ह्याच्यात काय घावणार तुला?"

हा प्रश्न त्यांच्या आधी पुष्कळांनी विचारलेला आहे. पण खरं सांगायचं तर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत टोमॅटोच्या जनुकांबद्दल जे कळलं, त्यातला मोठा वाटा असल्याच, तोंडात न घालवणाऱ्या फळांनी दिलेला आहे. हे मला मनापासून वाटतं आणि त्या दिवशी अण्णांना जसं सांगितलं तसंच इथे लिहून ठेवायचं आहे.

ते झाड मूळचं पेरू देशातलं. माझ्याकडच्या पेनेलीचा नंबर एलए ७१६. पेरूच्या दक्षिण किनाऱ्यावर आतिको नावाचं गाव आहे, तिथल्या कोरड्या वाळवंटी पट्ट्यातलं हे बी. तिथे पाऊस नावालाच. समुद्रावरून येणाऱ्या धुक्याच्या ओलीवर झाडं तगतात. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या विद्यापीठातले चार्ल्स रिक १९४८ पासून पुन्हापुन्हा अँडीज पर्वतात आणि त्या किनाऱ्यावर जात राहिले, दऱ्याखोऱ्यांतून, रस्त्याच्या कडेच्या दगडांतून रानटी टोमॅटोचं बी पाकिटात भरून आणत राहिले. २००२ साली ते गेले. त्यांच्या नावाचं बियाणं केंद्र आजही डेव्हिसला आहे आणि संशोधकांना बी पाठवतं. माझंही बी तिथूनच निघालं आणि दिल्लीत एनबीपीजीआर ह्या राष्ट्रीय बियाणं-संग्रह संस्थेच्या क्वारंटाइनमधून तपासून माझ्या हातात आलं. प्रत्येक ओळीचं छोटंसं पाकीट होतं. मी ती पाकिटं टेबलावर मांडून किती तरी वेळ नुसती बघत बसले होते.

रिक यांची एक गोष्ट अण्णांना फार आवडली. गॅलापागोस बेटांवरच्या रानटी टोमॅटोचं बी त्यांनी आणलं, पण ते काही केल्या उगवेना. शेवटी त्यांनी ते तिथल्याच महाकाय कासवाला खाऊ घातलं. कासवाच्या पोटातून दोन-तीन आठवड्यांनी बाहेर पडलेलं बी मात्र उगवलं. वरचं कठीण आवरण मऊ झालं होतं. आम्ही आता कासवाऐवजी घरगुती ब्लीच अर्धं पाणी घालून वापरतो, त्यात अर्धा तास बी भिजवायचं आणि मग वाहत्या पाण्यात भरपूर धुवायचं. अण्णा म्हणाले, "आपल्याकडं बाभळीच्या शेंगा शेळ्या खात्यात, आन् लेंडीतनं पडलेलं बी लवकर उगवतं. तसंच झालं की हे." अगदी तसंच.

आता तुकड्यांची गोष्ट. टोमॅटोला गुणसूत्रांच्या बारा जोड्या. पेनेलीलाही बाराच, आणि दोघांचा संकर होतो. मात्र ही सोयरीक एकाच बाजूनं जमते. आई टोमॅटो आणि बाप पेनेली असेल तर फळ धरतं. उलट केलं, पेनेलीच्या फुलावर टोमॅटोचे परागकण टाकले, तर पेनेलीचं फूल ते स्वीकारत नाही. पहिल्या संकरातली झाडं निम्मी पेनेली. त्यांचा एम-८२शी पुन्हा संकर, त्यांच्या मुलांचा पुन्हा एम-८२शी, असं पिढ्यान् पिढ्या करत गेलं की पेनेलीचा वाटा पातळ होत जातो. प्रत्येक पिढीत डीएनए तपासून कोणत्या झाडात पेनेलीचा कोणता तुकडा उरलाय ते बघायचं आणि नेमकी तीच झाडं पुढे न्यायची. इस्रायलमधल्या रेहोवोत इथे, हिब्रू विद्यापीठात, युवाल एशेद आणि डानी झमीर यांनी हे काम केलं आणि १९९५ साली पन्नास ओळींचा संच पूर्ण करून मांडला. पन्नासही ओळी मिळून पेनेलीची बाराही गुणसूत्रं भरून निघतात, पण एका ओळीत तुकडा एकच. पुढे अशा ओळी शहात्तर झाल्या.

माझ्या आजीनं शिवलेली एक गोधडी आमच्या घरी आहे. सगळी निळ्या जुन्या लुगड्याची, फक्त एका कोपऱ्यात लाल खणाचा तुकडा. तशा पन्नास गोधड्या समजा. प्रत्येकीत खणाचा तुकडा वेगळ्या जागी. एखादी गोधडी अंगाला टोचली तर दोष निळ्या लुगड्याचा नाही, कारण ते सगळीकडे आहे. दोष त्या तुकड्यात. तीन-दोन पिवळी पडली, म्हणजे लाल रंगाशी संबंध असलेलं काहीतरी तिसऱ्या गुणसूत्राच्या त्या तुकड्यात आहे. आणि तसंच आहे. टोमॅटोचा लाल रंग ज्या साखळीनं तयार होतो, तिची पहिली कडी बनवणारं जनुक तिथे बसलंय. पेनेलीचं ते जनुक फळात कामाला लागतच नाही, म्हणून पुढचं सगळं अडतं.

सहा-तीनची गोष्ट उलटी आहे. तिथे लाल रंग बनतो, पण तिथल्या एका जनुकानं त्याचं बीटा-कॅरोटीन करून टाकलेलं असतं. गाजरातलं असतं ते. आपल्या नेहमीच्या टोमॅटोत हे जनुक फळ पिकताना जवळपास झोपलेलं असतं, पेनेलीचं मात्र त्याच वेळी जागं होतं. झमीर यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ते जनुक वेगळं काढून दाखवलं. हिरव्या फळाच्या पोटात गाजराचा रंग लपलेला असेल, हे बाहेरून बघून कुणालाही सांगता आलं नसतं. पेनेलीच्या स्वतःच्या फळात तो दिसत नाही. त्याच्याकडे साखळीची पहिली कडीच बंद आहे ना! तुकडे सुटे करून एकेक परक्या झाडात बसवल्यावरच तो बोलायला लागतो.

ह्या सगळ्यासाठी रानटी झाडच का लागतं, हे मला स्वतःला उशिरा कळलं. दोन गावठी टोमॅटोंचा संकर करून जनुक शोधायला गेलं तर पंचाईत होते. टोमॅटो युरोपात गेला तो थोड्याशा बियांतून, शिवाय हे झाड स्वतःच स्वतःला फळवतं. त्यामुळे लागवडीतल्या वाणांचे डीएनए एकमेकांसारखेच निघतात. डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर दोघांच्या पट्ट्या एकाच जागी येतात. मग मुलाला कुठला तुकडा आईकडून आला आणि कुठला बापाकडून, हे ओळखायचं कशावरून? रानटी सोयऱ्याचा डीएनए जागोजागी वेगळा असतो, म्हणून पट्टी वेगळ्या जागी दिसते आणि माग काढता येतो. १९८८ साली पॅटरसन, टँक्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेरूतल्याच दुसऱ्या एका रानटी जातीशी टोमॅटोचा संकर करून फळाचं वजन, रसातला विद्राव्य घन भाग आणि रसाची आम्लता ह्या गुणांचे धागे गुणसूत्रांवर नेमक्या जागी लावून दाखवले. एका जनुकानं ठरत नाहीत असे गुण संपूर्ण नकाशावर मांडण्याचं ते पहिलं मोठं काम होतं.

अण्णांना नकाशा म्हटल्यावर मोजणी आठवली. आमच्या बांधाचा वाद आठ वर्षं चालला होता, त्यामुळे घरात सगळ्यांना मोजणीची भाषा येते. मी म्हटलं, अण्णा, हे तसंच आहे. आधी गाव कळतं, ते गुणसूत्र. मग गट नंबर, तो तुकडा. पण एका गटात शेकडो जनुकं असतात. मग पोटहिस्से पाडायचे.

त्याचं सगळ्यात देखणं उदाहरण नऊ-दोन-पाच. ही ओळ एरवी लालच, दिसायला काही वेगळी नाही. पण तिच्या रसात साखर जास्त. मी खिशातून रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायची नळी, काढून अण्णांच्या हातात दिला. आधी एम-८२च्या फळाचा एक थेंब काचेवर पिळला. वर निळं, खाली पांढरं, मधली रेघ बघायची. मग काच पाण्यानं धुऊन, पुसून, नऊ-दोन-पाचचा थेंब. अण्णांनी डोळा बारीक करून बघितलं, पुन्हा सूर्याकडे तोंड केलं, पुन्हा बघितलं. "ह्यो वर गेला," म्हणाले. पट्टीवरच्या एखाद्या घराचा तो फरक. खायला बसलं तर जिभेला जेमतेम कळेल, पण केचप-पेस्टच्या कारखान्यात एवढ्या फरकानं कितीतरी पाणी आटवायचं वाचतं.

तो फरक कशानं, हे शोधताना झमीर यांचे विद्यार्थी एयाल फ्रिडमन यांनी तुकड्याचे तुकडे, त्यांचे आणखी तुकडे असे पोटहिस्से पाडत पाडत २००० साली हद्द फक्त ४८४ डीएनए-अक्षरांवर आणली. टोमॅटोच्या सगळ्या जनुकसंचाची लांबी सुमारे नव्वद कोटी अक्षरं. त्यातली ४८४! साखर फोडणाऱ्या एका एन्झाइमच्या जनुकाच्या आतली जागा ती. पुढे २००४ साली कळलं की त्या एन्झाइममध्ये एकच अमिनो आम्ल बदललंय, त्यानं रानटी एन्झाइम जास्त कामाचं होतं आणि फळाकडे साखर जास्त ओढली जाते.

"म्हंजे खुंट घावला," अण्णा म्हणाले. मोजणीत हद्दीचा दगड सापडला की हाच शब्द वापरतात. मी आजवर ह्या विषयावर कितीतरी भाषणं ऐकली, पण ह्यापेक्षा नेमका शब्द मला मिळाला नाही.

ह्याच ओळीत त्यांनी माझी चूकही धरली. पुढे चालता चालता म्हणाले, "आन् ही मातूर भेसळ हाय." नऊ-दोन-पाचच्या एका वाफ्यात तीन झाडं पिवळी होती. सगळी ओळ लाल आणि मध्येच तीन पिवळी. मला पाहिल्यावर कापरं भरलं. रोपवाटिकेत ट्रे उचलताना लेबलं सरकली होती, तीन-दोनची रोपं इथे आली होती. रोपं दहा-पंधरा सेंटीमीटरची असताना दोन्ही ओळींत काडीचा फरक दिसत नाही. तीन रोपं पिवळी म्हणून दिसली. पण न दिसणारी किती गेली असतील? तीन-दोन आणि नऊ-दोन-पाच ह्यांतला फरक फळावर दिसतो म्हणून कळलं. ज्या ओळींच्या फळांत डोळ्याला फरक नाही, तिथली अदलाबदल कोण धरणार?

त्या आठवड्यात मी त्या भागातल्या एकेका झाडाचं पान घेऊन डीएनए काढला. पंचनं पानाची टिकली पाडायची, ती द्रवात कुटायची, गरम करायची, मग पीसीआर, मग जेल. रात्री दोन-अडीचला अतिनील दिव्याखाली जेल ठेवली की एम-८२ची पट्टी खाली, पेनेलीची वर. असं झाडागणिक. अजून सहा झाडं चुकीची निघाली. त्या दोन वाफ्यांचा त्या हंगामातला सगळा आकडा मी वहीतून तिरकी रेघ मारून काढून टाकला आणि पुढच्या रब्बीला पुन्हा लावलं. एक वर्ष गेलं. पण ती रेघ मारली नसती, तर त्या वहीवर मी आज विश्वास ठेवू शकले नसते.

फळाच्या आकाराची गोष्ट मला सगळ्यात जवळची. पिंपिनेलिफोलियम ह्या रानटी टोमॅटोचं फळ मटाराच्या दाण्याहून थोडं मोठं, ग्रॅमभर वजनाचं. त्यातूनच माणसानं निवडत निवडत आजचा टोमॅटो केला. कॉर्नेल विद्यापीठात टँक्सली यांच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या गुणसूत्रावरचं एक जनुक पकडलं, त्याचं नाव एफडब्ल्यू २.२. पेनेलीचं ते जनुक मोठ्या फळाच्या टोमॅटोत घातलं की फळ लहान होतं. ह्या एकट्या जनुकानं वजनात तीस टक्क्यांपर्यंत फरक पडतो, हे २००० साली ॲन फ्रेरी आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केलं. काम काय, तर कोवळ्या फळात पेशींच्या विभाजनाला लगाम घालणं. लागवडीतल्या टोमॅटोत तो लगाम सैल पडलेला आहे. पेरू-मेक्सिकोकडे कुणा बाईनं वा माणसानं शेकडो वर्षांपूर्वी झाडावरचं जरा मोठं फळ बघून त्याचं बी वेगळं ठेवलं असेल, त्यांच्या हातून ह्या जनुकाची निवड झाली. आमच्या गावातही बायका भेंडीची, दोडक्याची सगळ्यात देखणी शेंग-फळ बियाला राखून ठेवतात, देठाला चिंधी बांधतात, म्हणजे कुणी तोडू नये. मला ते चिंधी बांधणारे हात दिसतात.

रानटी तुकडा चांगलंच देतो असं नाही. आठव्या गुणसूत्रावरच्या पेनेलीच्या एका तुकड्यानं फळाला घाण वास येतो. कापून नाकाशी नेलं की कळतं. त्याची गुणसूत्रावरची जागा शोधलेली आहे, आणि कधीकाळी माणसानं तेच निवडून बाजूला टाकलं असणार.

आता अण्णांच्या स्वतःच्या प्लॉटकडे येते. मी बारावीत असतानाचा उन्हाळा होता. अण्णांनी फेब्रुवारी-मार्चच्या लागणीसाठी रोपं आणली, बांबू-तार-सुतळीचा खर्च केला, आणि रोपं दीड महिन्याची झाली तशी शेंड्याची पानं आकसायला लागली. पानं बारीक, वाटीसारखी वळलेली, कडा पिवळ्या. फुलं गळायला लागली. पांढरी माशी विषाणू घेऊन येते. कृषी अधिकारी त्याला पर्णगुच्छ म्हणतात, आमच्याकडे बोकड्या म्हणतात. 'ह्या वाणाला बोकड्या येत नाही' असं सांगून ते बी दिलेलं होतं. अण्णांनी आठवड्याला दोन फवारे मारले आणि शेवटी झाडं उपटून बांधावर टाकली. त्या रात्री ते जेवले नाहीत. मी वनस्पतिशास्त्राकडे वळले त्याची सुरुवात तिथे आहे.

ह्या रोगाला उत्तर एम-८२कडे नाही, आपल्या कुठल्याच जुन्या वाणाकडे पुरेसं नाही. ते रानटी सोयऱ्यांकडे आहे. टीवाय-१ आणि टीवाय-३ ही बोकड्याला आडवणारी जनुकं चिली-पेरूकडच्या सोलॅनम चिलेन्सेतून आली. टीवाय-१चं ठिकाण सहाव्या गुणसूत्रावर आहे हे झमीर यांच्या गटानं १९९४ साली दाखवलं. २०१३ साली कळलं की दोन्ही एकाच जनुकाची रूपं आहेत आणि ते जनुक झाडाच्या आतल्या आत विषाणूचा आवाज दाबतं. टीवाय-२ची कहाणी तर भारतातली. आपल्याकडच्या कल्लू आणि बॅनर्जी ह्या शास्त्रज्ञांनी केसाळ पानांच्या सोलॅनम हॅब्रोकायटिस ह्या रानटी जातीतून हा प्रतिकार टोमॅटोत आणला आणि १९९० साली तो प्रसिद्ध केला. त्यांची एच-२४ ही ओळ पुढे तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्रानं वापरली आणि ते जनुक अकराव्या गुणसूत्रावर असल्याचं २००० साली नक्की झालं. हिरवं, केसाळ, न खाण्याजोगं फळ. त्यानं कितीतरी प्लॉट वाचवले.

मात्र रानातून जनुक आणलं की ते एकटं येत नाही. नवरीबरोबर पाठराखीण येते तसं त्याच्या आजूबाजूचंही काही येतं. टीवाय-१चं दुखणं तेच. चिलेन्सेच्या त्या भागात गुणसूत्राचे तुकडे उलटे बसलेले आहेत, त्यामुळे टोमॅटोच्या गुणसूत्राशी ते नीट जुळत नाहीत आणि पाठराखीण काही परत जाईना. डच संशोधकांनी हे २०११ साली दाखवलं. त्याच भागाजवळ एमआय जनुकही आहे, सूत्रकृमीला आडवणारं. मुळांवर गाठी धरतात त्या सूत्रकृमीला. हे जनुक पेरूव्हियानम ह्या रानटी जातीतलं. तिचा टोमॅटोशी संकर केला तर गर्भ फळात जगत नाही, म्हणून कॅलिफोर्नियात १९४४ साली स्मिथ यांनी कोवळा गर्भ काढून काचेच्या नळीत वाढवला. आज जगातले एमआय जनुकाचे टोमॅटो त्या एका संकराचे वंशज आहेत. पण मातीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की हे जनुक ढिलं पडतं, आणि आपल्या उन्हाळ्यात तेवढी माती तापायला वेळ लागत नाही. बियाणं विकताना हे शेतकऱ्याला सांगितलंच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. 'प्रतिकारक' हा शब्द पाकिटावर छापला की पुढचं वाक्यही छापा.

मी आता एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. रोज सकाळी रोपवाटिकेतून पानांच्या टिकल्या येतात, ९६ खणांच्या प्लेटमध्ये. कुठल्या रोपात टीवाय-३ आहे, कुठल्यात टीवाय-२, कुठल्यात दोन्ही, कुठल्यात एमआय. रोप बोटभर असताना कळतं, माशी येऊन चावायची वाट बघावी लागत नाही. टीवाय-१ आणि एमआय एका गुणसूत्रावर एकत्र आणणं किचकट, म्हणून पुष्कळदा संकरित वाणाच्या आईत एक ठेवतात आणि बापात दुसरं. एका विषाणूला एकटं टीवाय-२ पुरतं, दुसऱ्याला पुरत नाही, म्हणून जोडीनं घालतात. २०१२ साली टोमॅटोचा सगळा जनुकसंच वाचून झाला, त्यातलं पाचवं गुणसूत्र भारतातल्या प्रयोगशाळांनी वाचलं. २०१४ साली पेनेलीचाही झाला. आता पट्ट्यांऐवजी संगणकावर अक्षरं दिसतात. तरी पहिली खूण कुठे शोधायची ते अजूनही पुष्कळदा त्या पन्नास ओळींनी दाखवलेल्या जागांवरून ठरतं.

एक गोष्ट सारखी मनात येते. हे बी ज्या डोंगरांतून, ज्या किनाऱ्यावरून आलं, तिथल्या माणसांना त्याचं काय मिळालं? रिक यांच्या काळात बी ही सगळ्यांची मालमत्ता समजली जायची. १९९२च्या जैवविविधता करारानं ज्या देशाचं जैवधन त्याचा हक्क मान्य केला. आपणही हळदीच्या पेटंटसाठी भांडलो आहोत. पेरूच्या माणसाची बाजू आपल्याला तरी समजायला हवी.

त्या वर्षी एप्रिलमध्ये अण्णा पुन्हा आले. हंगाम संपला होता, ठिबक बंद करून तीन आठवडे झाले होते. एम-८२च्या सगळ्या ओळी वाळून काड्या झालेल्या. मजूर सुतळी कापून बांबू गोळा करत होते. कुंपणालगतची पेनेलीची दोन झाडं मात्र हिरवीगार उभी होती, पानं तशीच चिकट. अण्णांनी वाकून बुडाशी माती उकरली. खाली चार बोटं कोरडी ठाक. त्यांनी मजुराला हाक मारून सांगितलं, "ही दोन राहू द्या रं."

मी त्यातली पिकलेली हिरवी फळं तोडली. अण्णांनी ती पाटावर पिळून बी काढलं, दीड दिवस त्याच्याच रसात आंबवत ठेवलं, धुतलं आणि सावलीत फडक्यावर पसरलं. बी वाळल्यावर आम्ही दोघांनी मोजलं. पाकिटावर मी बाहेरून लिहिलं, 'एलए ७१६'. मग अजून एक चिठ्ठी तशीच लिहून आत टाकली. लेबलं सरकल्यापासून मी नाव दोन्हीकडे लिहिते.